जाहिरात बापाची, नोंदवही आईची

सप्टेंबर उजाडला की हंटर खोऱ्यातल्या वर्तमानपत्राच्या स्तंभांत घोडे उभे राहू लागत. ‘उभा राहणे’ हा त्या जाहिरातींतलाच शब्द. अमुक नावाचा घोडा या हंगामात अमुक मळ्यावर उभा राहील, म्हणजे ज्यांना आपली घोडी भरवून घ्यायची असेल त्यांनी ती तिथे आणावी. विषुववृत्ताच्या खाली वसंत सप्टेंबरात येतो आणि घोडी माजावर येण्याचा काळही तोच. तिथून नाताळपर्यंत त्याच जाहिराती, त्याच शब्दांत, आठवड्यामागून आठवडे छापल्या जात. वर पुष्कळदा घोड्याचा एक छोटा ठसा असे. छापखान्यात ठसे मोजकेच, त्यामुळे काळा, तांबडा, करडा, शर्यतीचा, नांगराचा, सगळे घोडे चित्रात एकसारखे दिसत.

हंटर ही ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समधली नदी. सिडनीच्या उत्तरेला न्यूकॅसल बंदराशी ती समुद्राला मिळते. तिच्या काठच्या मेटलंड गावातून ७ जानेवारी १८४३ रोजी ‘मेटलंड मर्क्युरी’ सुरू झाले. त्याचे जुने अंक ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ‘ट्रोव्ह’ या संकेतस्थळावर सर्वांना मोफत वाचायला ठेवले आहेत. मी तिथे गेले होते आपल्याकडच्या लष्करात आलेल्या ‘वेलर’ घोड्यांचा माग काढत. बोटींच्या बातम्या शोधता शोधता या जाहिरातींपाशी अडकले, ती बराच काळ तिथून हललेच नाही. घोड्यावर मी आयुष्यात एकदाच बसले आहे, तेही माथेरानला, आणि तेव्हा लगाम दुसऱ्याच्या हातात होता. त्यामुळे या लेखात अश्वविद्या सापडणार नाही. मला त्या जाहिरातींतले वाक्य वाचायचे होते.

त्या वाक्याची बांधणी ठरलेली असे. आधी घोड्याचे नाव, रंग, वय, उंची. उंची मुठींत मोजत. एक मूठ म्हणजे चार इंच, आणि सोळा मुठींचा घोडा म्हणजे खांद्याशी पाच फूट चार इंच. मग हाड जाड आहे, अंग भरलेले आहे, स्वभाव गरीब आहे, घोड्या हमखास गाभण राहतात, असे चार शब्द. मग वंशावळ, आणि जाहिरातीचा खरा ऐवज तोच. हा घोडा अमुक घोड्याचा, अमुक घोडीच्या पोटचा. ती घोडी तमुक घोड्याची. तिची आई आणखी एका घोड्याची. इंग्रजीत यासाठी दोन वेगळी शब्दयोगी अव्यये आहेत, एक बापासाठी आणि एक आईसाठी. आईसाठीच्या अव्ययाचा शब्दशः अर्थ ‘मधून बाहेर आलेला’ असा. आपला ‘पोटचा’ हा शब्द त्याला अगदी चपखल बसतो. पण नीट पाहिले तर आईकडून वर जातानाही प्रत्येक पायरीवर पुन्हा एक बापच उभा असतो. घोडीची ओळख ‘अमुकची मुलगी’ एवढीच, आणि चौथ्या-पाचव्या पिढीत तर ती निनावीच होऊन जाते.

घोडेवाल्यांच्या बोलीत आणखी एक गंमत आहे. दोन घोड्यांचा बाप एक असला म्हणून त्यांना भाऊ म्हणत नाहीत, सावत्र भाऊसुद्धा नाही. आई एक असेल तरच नाते. कारण उघड आहे. चांगला नर एका हंगामात साठ-सत्तर घोड्यांना पुरतो. त्याच्या सगळ्या पोरांना भाऊ म्हणायचे तर अर्धा जिल्हा भाऊ होईल. घोडी अकरा महिने पोटात वागवते आणि एका वेळी एकच शिंगरू देते. तेव्हा बोलीला आई ठाऊक होती. विसरली ती जाहिरात.

जाहिरात बापाचीच का, याचे सरळ उत्तर असे की विकायला तोच होता. घोडी ज्याची त्याच्या घरी. तिच्यासाठी कोणी पैसे मोजत नव्हते. परंतु त्या काळच्या समजुतीही याला पोषक होत्या. पोरात बापाचे रक्त उतरते, आई म्हणजे शेत, हा विचार इंग्रजांचाही होता. बीज आणि क्षेत्र यांची उपमा आपल्या धर्मशास्त्रांनाही अपरिचित नाही. त्यातली टोकाची समजूत अशी की घोडीला पहिल्यांदा जो नर लागला त्याचा ठसा तिच्या पुढच्या सगळ्या पोरांवर उमटतो, बाप कोणीही असो. लॉर्ड मॉर्टन यांच्या घोडीला आधी क्वागा नावाचा झेब्र्याचा एक भाऊबंद दाखवला होता. नंतर काळ्या अरबी घोड्यापासून झालेल्या तिच्या शिंगरांवर पट्टे दिसले, अशी हकिकत १८२० च्या सुमारास लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आली. डार्विननेही ती गंभीरपणे घेतली. शतक संपता संपता स्कॉटलंडमध्ये कॉसर यूअर्ट यांनी झेब्रे आणि घोड्या पाळून प्रयोग केले, तेव्हा कुठे तिच्यातली हवा गेली. मधली ऐंशी वर्षे घोडी ही लिहिता येणारी आणि एकदा लिहिली की न पुसता येणारी पाटी होती.

मेटलंडच्या शेतकऱ्याला हे शास्त्र कितपत ठाऊक होते कोण जाणे. त्याला घोडा हवा होता. १७८८ मध्ये इंग्रजांचा पहिला तांडा सिडनीला उतरला तेव्हा त्यांच्याबरोबर केप ऑफ गुड होपहून घेतलेले सात घोडे होते. त्याआधी त्या खंडावर घोडा नव्हताच. हंटर खोरे वोनारुआ लोकांचे. ते त्यांच्याकडून हिरावून मोठ्या पट्ट्यांनी गोऱ्या जमीनदारांना वाटले गेले आणि १८४० पर्यंत तिथल्या शेतांवर आणि तबेल्यांत शिक्षा भोगणारे कैदी राबले. वरच्या अंगाला पॉटर मॅक्वीन यांचे सेगेनहो, पॅटरसन नदीवर पुढे रेनॉल्ड्स घराण्याने नावारूपाला आणलेले टोकल, अशा मोठ्या मळ्यांवर विलायतेहून आणलेले किंवा त्यांच्या वंशातले नर असत. १८५१ मध्ये सोने सापडले आणि खाणींकडे जाणाऱ्या गाड्यांना घोडे पुरेनात. १८६१ च्या जमीन कायद्यांनी लहान शेतकऱ्यालाही तुकडा मागता येऊ लागला. त्याला शर्यत नको होती. नांगर ओढणारा, लसूणघासाच्या गंजी वाहणारा जड घोडा हवा होता. म्हणून जाहिरातींच्या स्तंभात दोन कुळे शेजारी शेजारी दिसतात: एकीकडे शर्यतीच्या अस्सल रक्ताचे, दुसरीकडे स्कॉटलंडचे क्लाइड्सडेल आणि त्यांच्यासारखे ओढकामाचे.

शर्यतीच्या घोड्याचा नर बहुधा जागेवर उभा राही; घोडी त्याच्याकडे जाई. ओढकामाचा नर फिरतीवर निघे, आणि मला या फिरतीचे फार आकर्षण वाटते. जाहिरातीत त्याचा मार्ग छापलेला असे: सोमवारी या खानावळीत मुक्काम, मंगळवारी नदीपलीकडे, शुक्रवारी बाजाराच्या गावी, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा तिथेच. त्यामागे हिशेब होता. घोडी साधारण एकवीस दिवसांनी माजावर येते आणि माज पाच-सात दिवस टिकतो. आठवड्याच्या फेरीने घोडा आला तर माज चुकत नाही. आणि तीन आठवड्यांनी घोडी पुन्हा माजावर आली, तर ती राहिलेली नाही हे कळते. व्यालेली घोडी नवव्या दिवसाच्या आसपास पुन्हा माजावर येते, तो दिवसही साधता येतो. या फेऱ्या पायी करणारा मोतद्दार मात्र जाहिरातीत नावाने जवळपास येतच नाही. त्याचा पत्ता लागतो तो फक्त पैशाच्या ओळीत: मोतद्दाराचे इतके शिलिंग वेगळे.

ती पैशाची ओळ बारकाईने वाचण्यासारखी असते. दर गिनीत. गिनी हे नाणे तोवर बंद झाले होते, पण एकवीस शिलिंगांचा हा हिशेब प्रतिष्ठेच्या व्यवहारांत टिकून राहिला; वकील आणि डॉक्टर गिनीत बिल करत आणि घोडाही. ओढकामाच्या घोड्याला दोन-तीन गिनी, नावाजलेल्या शर्यतीच्या घोड्याला पाच, दहा किंवा त्याहून अधिक. मोतद्दाराचे अडीच ते पाच शिलिंग. दुरून आलेल्या घोडीसाठी कुंपणाचे कुरण, आठवड्याला एखाद-दोन शिलिंग. एकाच मालकाच्या तीन-चार घोड्या असतील तर सूट. घोडी परत नेण्याआधी सगळे पैसे चुकते. आणि शेवटी, जवळपास प्रत्येक जाहिरातीत, एक वाक्य: सर्व काळजी घेतली जाईल, जबाबदारी मात्र घेतली जाणार नाही.

या वाक्यापाशी मी थांबले. घोडी कुंपणात अडकून पाय मोडला, लाथ लागली, चोरीला गेली, गाभण राहिली नाही, तरी गिनी गेलीच. पोर झाले तरच पैसे, ही अट काही जण घालत. पण वंश जितका मोठा तितकी ती अट दुर्मीळ. लहान शेतकऱ्याच्या बाजूने पाहा. कापणीच्या तोंडावर त्याची एकुलती कामाची घोडी तो दोन-तीन आठवडे दुसऱ्याच्या कुरणात ठेवतो, वर तीन गिनी देतो. अकरा महिन्यांनी शिंगरू होते, ते कामाला जुंपायला आणखी तीन वर्षे. चार वर्षांची ही गुंतवणूक तो कशाच्या भरवशावर करतो? छापलेल्या पाच नावांच्या.

आणि त्या नावांची खातरजमा करायला त्याच्याकडे काहीही नव्हते. इंग्लंडमध्ये शर्यतीच्या घोड्यांची ‘जनरल स्टड बुक’ ही नोंदवही १७९० च्या दशकापासून होती. ऑस्ट्रेलियाची पहिली नोंदवही मेलबर्नमधून १८७८ मध्ये निघाली. क्लाइड्सडेलची नोंदवही खुद्द स्कॉटलंडमध्येही १८७८ चीच. म्हणजे वसाहतीची पहिली नव्वद वर्षे घोड्याची वंशावळ ही मालकाच्या वहीत, मोतद्दाराच्या तोंडी आणि वर्तमानपत्राच्या जाहिरातीत होती. ती वर्षानुवर्षे तशीच छापली गेली की खरी ठरे.

याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे हेक्टर, आणि इथे गोष्ट आपल्या अंगणात येते. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कलकत्त्याशी व्यापार करणारे सिडनीचे रॉबर्ट कॅम्पबेल यांच्याकडे हेक्टर नावाचा अरबी घोडा हिंदुस्थानातून आला. न्यू साउथ वेल्सच्या सुरुवातीच्या घोड्यांवर त्याचा ठसा फार मोठा मानतात. परंपरा सांगते की तो आधी आर्थर वेलस्लीचा घोडा होता. हाच वेलस्ली १८०३ च्या ऑगस्टात अहमदनगरचा किल्ला घेतो आणि २३ सप्टेंबरला असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढतो. असईत त्याच्या हाताखाली डायोमेड नावाचा अरबी घोडा भाल्याने जखमी झाला, हे नोंदलेले आहे. हेक्टरबद्दल तसा कागद नाही, आख्यायिका आहे. पण वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, आणि वॉटर्लूच्या विजेत्याचा घोडा आपल्या घोड्याच्या वंशावळीत असणे कोणाला नको होते? घोडी मात्र केपहून आलेली, तिचे नावही कोणी लिहिले नव्हते. पुराव्याने भक्कम असलेली अर्धी बाजू गळली आणि आख्यायिकेची अर्धी बाजू छापली गेली.

१८७८ ची नोंदवही उघडली की मात्र आश्चर्य वाटते. तिची मांडणी घोड्यांप्रमाणे नाही, घोड्यांच्या आयांप्रमाणे आहे. इंग्लंडच्या मूळ नोंदवहीचीही पद्धत हीच. घोडीचे नाव, तिच्याखाली वर्षवार तिची पोरे, आणि प्रत्येक पोरापुढे बापाचे नाव. ज्याला पावती हवी त्याने आईखाली शोधायचे, कारण एका घोडीला वर्षाला एकच पोर आणि ते कोणाच्या तरी डोळ्यांदेखत झालेले. फसवाफसवी बापाच्या रकान्यात होऊ शकते, आईच्या सहसा नाही. जाहिरातीने ज्याचा डंका पिटला त्याला नोंदवहीने उजवीकडच्या रकान्यात बसवले. आज जनुकशास्त्र सांगते की जगातल्या शर्यतीच्या पंचाण्णव टक्के घोड्यांची पितृशाखा एकट्या डार्ली अरेबियनपर्यंत जाते. १७०४ मध्ये तो अलेप्पोहून इंग्लंडला आला होता. बापाची बाजू इतकी अरुंद असताना घोड्या-घोड्यांत जो फरक उरतो तो आणण्यात आयांचा वाटा मोठा असणारच.

आता पोरांचे पुढे काय झाले ते पाहू. चांगली नर शिंगरे बहुतेक खच्ची केली जात. वंश चालवायला शंभरात एखादा पुरे. उरलेले कामाला, गाडीला, आणि १८३० च्या दशकापासून बोटीवर. हिंदुस्थानच्या लष्कराला घोडे हवेच असत. न्यू साउथ वेल्सवरून ‘वेलर’ हे नाव हिंदुस्थानातच पडले, मग घोडा व्हिक्टोरियाचा असो की क्वीन्सलंडचा. मद्रासला धक्का नव्हता. घोडे बोटीवरून समुद्रात सोडत आणि लाटांतून पोहत किनाऱ्याला आणत. १८५७ च्या उठावानंतर तर खरेदीदारांची रीघ लागली. १८३४ पासून पुढच्या शंभर वर्षांत ऑस्ट्रेलियातून तीन लाखांहून अधिक घोडे परदेशी गेले असा अंदाज आहे, आणि सर्वांत मोठे गिऱ्हाईक हिंदुस्थान. मुंबई इलाख्यात अरबी घोड्यांची चलती जास्त होती, कारण इराणी आखातातून मुंबई बंदर जवळ. इथे वेलर थोडे उशिरा रुळले. हिंदुस्थानातल्या लष्कराचा खर्च हिंदुस्थानच्या महसुलातून होई. मेटलंडच्या जाहिरातीतल्या गिनीला जो भाव होता त्यामागे शेवटी आपल्याकडचा शेतसाराही होता, हे वाचताना मला विसरता येत नाही.

खरेदीदारांच्या तक्रारीही होत्या. शर्यतीच्या वेडाने नुसते वेगाचे नर वापरले, त्यामुळे लांब टांगांची, बारीक हाडांची, ओझे न पेलणारी पैदास वाढली, ही एक. भाव चांगला आला की शेतकरी उत्तम घोड्याही विकून टाकतो आणि घरी राहिलेल्या सुमार घोडीला मोठ्या वंशाचा नर लावतो, ही दुसरी, आणि माझ्या मते खरी. त्यावर उपाय काढला तो मात्र पुन्हा बापाच्याच बाजूने. १९०७ मध्ये व्हिक्टोरिया राज्याने पैदाशीच्या नरांची सरकारी पशुवैद्याकडून तपासणी सुरू केली. खुराजवळ वाढणारे हाड, गुडघ्याखालचे दोष, धावताना घशात होणारी घरघर, असले वंशात उतरणारे विकार नसतील तर प्रमाणपत्र. वंशावळीच्या शेजारी जाहिरातीत आता प्रमाणपत्रही छापले जाऊ लागले. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही मोठीच सोय होती. घोडीला प्रमाणपत्र नव्हते.

इतका पैसा बाहेर जातो हे सरकारलाही टोचत होतेच. घोडे इथेच का होऊ नयेत, म्हणून कंपनी सरकारने बिहारात पुसाला पागा उभारली होती. १८०८ पासून तिथे असलेला विल्यम मूरक्रॉफ्ट तर चांगल्या नरांच्या शोधात बुखाऱ्यापर्यंत गेला आणि परतीच्या वाटेवर १८२५ मध्ये मेला. आपल्या शिरूर तालुक्यात आलेगावलाही कंपनीची पागा होती. आज ते गाव आलेगाव पागा म्हणूनच ओळखले जाते. भीमा-नीरेच्या खोऱ्यातली भीमथडीची तट्टे मराठेशाहीत नावाजलेली. स्थानिक घोड्यांत अरबी-इराणी रक्त मिसळून ती घडली होती. त्यांची वंशावळ कोणी लिहिलेली नव्हती. गिऱ्हाईक अंगावरचे भोवरे बघे, पंचकल्याणी आहे का ते बघे, आणि कोणाच्या घरची घोडी आहे ते विचारी. शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. शेकडो मैल चालणाऱ्या धनगरांच्या वाड्यांनी ही तट्टे टिकवली, आणि राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली ती अगदी अलीकडे.

सरकारी पागा महाग पडल्या, घोडे मनासारखे निपजले नाहीत. १८७० च्या दशकात धोरण बदलले. सरकारने नर जिल्ह्याजिल्ह्यांत ठेवायचे, इंग्लिश शर्यतीचे, नॉरफोकचे दुडक्या चालीचे, अरबी. शेतकऱ्याने आपली घोडी दाखवायला आणायची. घोडी पसंत पडली तर तिला डाग द्यायचे आणि नर फुकट. मेटलंडला गिनी पडत होती ते इथे मोफत झाले, तरी अपेक्षेइतके घोडे लष्कराला मिळेनात. कोरडवाहू शेतकऱ्याला बैल परवडतो; चार वर्षे खाऊन मग एखादेवेळी लष्करी अधिकाऱ्याच्या पसंतीस उतरणारे शिंगरू कसे परवडावे?

तेव्हा सरकारने घोडीकडे वळून पाहिले, पण ते पंजाबात आणि वेगळ्या रीतीने. झेलमच्या नव्या कालव्याखाली, शाहपूर जिल्ह्यात, पडीक जमीन ओलिताखाली येत होती. १९०२ पासून तिथे वसाहत सुरू झाली तेव्हा लष्करी खात्याच्या आग्रहाने अट घातली गेली: जमीन हवी असेल तर पैदाशीची घोडी पाळा. नर सरकारचा, घोडी तुमची, ती तपासून पसंत झालेली आणि डाग दिलेली. अशा धारकांना ‘घोडीपाल’ म्हणत. जमिनीचे तुकडे झाले तर घोडी कोण पाळणार, म्हणून घोडीपालाची जमीन सगळ्या मुलांत न वाटता एकट्या थोरल्याकडे जावी असाही नियम झाला. पंजाबी शेतकऱ्याच्या घरात सर्व मुलगे सारखे वारस. तिथे हे अगदी परके होते. धाकट्या भावांच्या वाट्याला त्या जमिनीतले काहीच आले नाही.